मदत हवी आहे: आधी सोलरचं नेट मीटर की गाडीच्या चार्जरसाठी भारवाढ?

नमस्कार मंडळी. आम्ही मनीष नगरला राहतो. गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनल बसून दीड महिना झाला, पण नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) अजून लागलं नाही. त्याआधी चालू केलं तर जुनं मीटर बाहेर गेलेले युनिटही वापरात धरू शकतं, म्हणून इन्व्हर्टर बंदच. नागपूरचं हे ऊन वाया जातंय, जीवाला लागतं हो. बाबा रोज सकाळी ओल्या फडक्याने पॅनलवरची धूळ पुसून येतात.

त्यात इलेक्ट्रिक गाडी बुक केली. चार्जर ७.४ किलोवॉटचा, एकटाच ३२ अँपिअर ओढणार. बिलावर मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढता येईल ती मर्यादा) ३ किलोवॉट, म्हणून तो वाढवायचा. केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी (वीजजाळ्याला ते झेपेल का हे बघणं) लागत नाही, गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. सोलर बसवणारा व्हेंडर मात्र म्हणतो, "आत्ता भार वाढवायला गेलात तर सोलरची फाईल मागे पडेल."

खरंच असं होतं का? वेगळं मीटर घेतलं तर गच्चीवरची वीज गाडीच्या बिलातून वजा होणार नाही, तीच भीती. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी कृपया क्रम आणि लागलेले कागद सांगा. रोजचं धावणं चाळीसेक किलोमीटर, मग ३.३ किलोवॉटचा चार्जर पुरेल का? गाडी अक्षय तृतीयेला येतेय.