कागदी लिंबाला चुना टाकून बसले. ज्यांनी सांगितला त्या गुरुजींना कसं सांगू?

सांदवाडीवाली (ता. दर्यापूर)
नमस्कार मंडळी. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, न्हाणीच्या बाजूला कागदी लिंबाचं झाड आहे, सासूबाईंच्या हातचं, ९ वर्षांचं. उन्हाळ्यात फळं बोराएवढी होऊन गळली म्हणून गुरुजींना विचारलं. आमच्या बचत गटातल्या सगळ्या जणी झाडाचं काही अडलं की त्यांच्याकडेच जातो. ते म्हणाले, "बुडाशी २ किलो चुना टाक, फळ धरते." मी मृगाच्या आधी टाकला.

आता भादवा चालू आहे. नवी फूट आली ती पिवळीजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. पान उन्हाकडे धरलं की जाळी दिसते. जुनी पानं मात्र चांगली हिरवी आहेत.

गेल्या बैठकीत गुरुजींनी आणखी दोघींना हाच चुना सांगितला. एकीनं तर पिशवी आणूनही ठेवली. मी हळूच म्हटलं, माझं झाड पिवळं पडलं. "पानी कमी पडलं असन," म्हणाले. तेवढ्यात गटातली एक पोरगी सगळ्यांसमोर बोलली, "गुरुजी, तुमचं चुकलंच, मोबाईलवर वेगळं सांगतात." गुरुजी काही बोलले नाहीत. छत्री उचलली आणि निघून गेले. त्या दिवसापासून बैठकीला आले नाहीत. माझ्या घरचा वाल, दोडका, चवळी, सगळं बी त्यांनी दिलेलं आहे. मला रात्री झोप येत नाही.

झाड वाचेल का? आणि त्यांना न दुखावता कसं सांगू?

गच्चीवरची बाग, पुणे
ताई, एप्सम सॉल्ट द्या. माझ्या कुंडीतल्या लिंबाला महिन्याभरात फरक पडला. आणि चुकीचा सल्ला देणाऱ्यांना स्पष्टच सांगावं, वय बघू नये.

संत्रावाला, अचलपूर
पुण्याच्या ताईंचं कुंडीपुरतं खरं असू शकतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियमचं खत, आणि कुंडीत रोजच्या पाण्यानं मॅग्नेशियम वाहून जातं. पण ते कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात आणि देठाकडे हिरवी पाचर उरते. इथं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या आहेत. ही लोहाची कमतरता. आपल्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण चुनखडी जास्त आणि सामू (पीएच) ८ च्या आसपास असला की ते मुळांना घेता येत नाही. त्यात तुम्ही आणखी चुना टाकला.

झाड वाचेल. वर पांढरा थर दिसत असेल तेवढी माती खरवडून काढा आणि कुजलेलं शेणखत भरा. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा. पाण्यात टाकलं की लगेच फवारायचं, ठेवलं तर तांबूस होऊन वाया जातं. पिवळी झालेली पानं फारशी सुधारणार नाहीत, पुढची फूट बघा. न्हाणीचं साबण-सोड्याचं पाणी दुसरीकडे वळवा. बोअरचं खारं पाणी तर लिंबाला नकोच. नंतर कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घ्या.

ज्या ताईंनी पिशवी आणली त्यांना आजच थांबवा. चुना मातीत मिसळला की परत काढता येत नाही.

गुरुजींना मात्र विचारा, हा उपाय त्यांनी कोणत्या मातीत केला होता. चुन्याचा सल्ला मी कोकणातल्या माणसांकडून ऐकलाय आणि तिथं तो बरोबर आहे. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चुना धुऊन जातो, जांभ्याची माती आम्ल होते. तिथं चुना लागतोच.

मी स्वतः एका म्हाताऱ्या बागाईतदाराला संत्र्याच्या ताणावरून (बहारासाठी पाणी तोडण्यावरून) चारचौघांत खोडून काढलं होतं. मुद्दा माझाच बरोबर होता. पण झाडाच्या सालीवर नुसता हात फिरवून ते डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ओळखायचे, आणि त्यानंतर त्यांनी माझ्या बागेत पाय ठेवला नाही. मला अजून तसा ओळखता येत नाही.

एक करून बघा. मातीतला चुनखडीचा खडा कुटा आणि त्यावर लिंबू पिळा.

गच्चीवरची बाग, पुणे
दादा, पटलं. मी पानं कोणती पिवळी आहेत ते न विचारताच औषध सांगितलं. ताई, एप्सम सॉल्ट टाकू नका.

सांदवाडीवाली (ता. दर्यापूर)
पिशवीवाल्या ताईंकडे त्याच संध्याकाळी गेले. चुना अजून टाकला नव्हता.

काल गुरुजींच्या घरी गेले, एकटीच. रुमालात झाडाखालची माती नेली होती. विचारलं, "गुरुजी, चुन्याचं तुम्ही कुठं पाहिलं होतं?" त्यांचा चेहराच उजळला. रत्नागिरीकडे १४ वर्षं नोकरी झाली, तिथल्या शाळेच्या बागेतला लिंबू चुन्यावर कसा धरला, सगळं सांगत बसले. तिथली माती कशी होती विचारलं तर म्हणाले, "लाल. हाताले गेरू लागल्यावानी."

मग मी रुमाल सोडला. मातीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे होते. बत्त्यानं दोन कुटले आणि लिंबू पिळलं. बारीक फेस आला, फसफस ऐकू येत होती. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले. म्हणाले, "इथं तं चुना पयलेच हाये वं पोरी." मग त्यांनी स्वतःच उरलेलं अर्धं लिंबू पिळून पाहिलं.

येत्या बैठकीला हा खडा आणि लिंबू ते स्वतः दाखवणार आहेत. त्या पोरीलाही मी सांगितलंय, त्यांच्या शेजारी बस आणि खडा तूच कुट. हिराकसची पहिली फवारणी आज संध्याकाळी करते. नवी फूट आली की पान घेऊन ये, असं गुरुजींनी बजावलंय.