मदत हवी आहे: बँकॉकच्या ड्रायव्हिंग रेंजवर थाई वरिष्ठांसोबत कसं वागावं?

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त बँकॉकला आहे. ऑफिसमधले थाई वरिष्ठ संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके सरावायच्या मैदानावर जातात, आता मलाही बोलावलंय. गोल्फ जेमतेम येतं, पण काळजी वागण्याची आहे. माणसं फार प्रेमळ आहेत, माझ्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये.

थोडं माहीत आहे: लहानाने आधी हात जोडून 'वाय' करायचा, वयाने मोठ्यांना 'पी' म्हणायचं, आवाज चढवायचा नाही, राजघराण्याचा विषय काढायचा नाही. गप्पांना एरिया जुतानुगार्न आहेच. 2016 साली महिला ब्रिटिश ओपन जिंकून ती मेजर (गोल्फमधली सर्वात मानाची स्पर्धा) जिंकणारी पहिली थाई गोल्फर ठरली.

अडतंय ते पैशांपाशी. इथे जेवणाचं बिल बहुधा वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस देतो. मग चेंडूंच्या ट्रेचे पैसेही तेच देणार का? मी पाकीट काढलं तर त्यांना लागेल? की पुढच्या वेळी फळं किंवा मिठाई न्यावी? मला हेच जास्त बरं वाटतं. गोल्फ कोर्सवर कॅडीला (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) टिप देतात, पण रेंजवर चेंडू आणून देणाऱ्यांना द्यायची का?

शिवाय मी बिअर घेत नाही. ग्लास पुढे आला तर सोडा मागितलेला चालतो ना? आणि साहेब स्वतःहून माझा स्विंग सुधारायला लागले, तर माझ्या कोचने वेगळं शिकवलंय हे सगळ्यांदेखत सांगावं, की मुकाट ऐकावं?

थायलंडमध्ये राहिलेल्यांनी कृपया सांगा. शनिवारी जायचंय.