सिॲटलच्या ओल्या हिवाळ्यासाठी नागपूरहून काय न्यावं?

संत्रानगरी:
नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि आमची चार वर्षांची लेक नागपूरहून सिॲटलला राहायला जातोय. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा. नवरा ऑगस्टमध्ये पुढे गेला, तेव्हा त्यानं महिनाभर लख्ख ऊनच पाहिलं, त्यामुळे त्याला वाटतं की लोक उगाच घाबरवतात. मिनियापोलिसचा मावसभाऊ म्हणतो, उणे २५ ला चालेल असं पिसांचं जाड जॅकेट घेतल्याशिवाय विमानात बसू नका. सीताबर्डीत तसं एक पाहून ठेवलंय, नऊ हजारांचं. माझं आणि लेकीचं मिळून अर्धी बॅग त्यातच जाते. आईनं दोघींसाठी स्वेटर विणलेत, ते मग ठेवायचे कुठे?

आमच्याकडची थंडी म्हणजे डिसेंबरातली पहाट. दहा वाजता ऊन येतं नि स्वेटर निघतो. दिवसभर गारही आणि ओलंही, असं मी कधी अनुभवलेलं नाही. तिथं राहणाऱ्यांनी सांगा नं.

वाशिष्ठी:
ते जॅकेट घेऊ नकोस. आईचे स्वेटर आधी बॅगेत ठेव.

मी चिपळूणची, सिॲटलमध्ये हे अकरावं वर्ष. तू मला लेकीसारखी म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. सिॲटलला वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास तुझ्या नागपूरइतकाच. चिपळूणला तर त्याच्या तिपटीहून जास्त. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथं तोच पाऊस वर्षातल्या दीडशेच्या आसपास दिवसांवर पसरतो, त्यातले बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिल. बुरबुर, भुरभुर, मध्येच थांबतो, परत सुरू. तापमान चार ते दहा अंश. जुलै-ऑगस्ट कोरडे जातात, म्हणून तुझ्या नवऱ्याला तसं दिसलं. तो खोटं बोलत नाहीये.

मीही पहिल्या वर्षी पिसांचं जॅकेट आणलं होतं. घर ते बसथांबा पंधरा मिनिटं, रोज. पिसं ऊब देतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. ओली झाली की ती चिकटून गोळा होतात आणि हवा जाते. डिसेंबरपर्यंत माझ्या खांद्यावरची पिसं गुठळ्या होऊन खाली उतरली होती. आत नुसतं कापड. थंडी पाच अंशांची, पण मी थांब्यावर अक्षरशः कुडकुडत उभी असायची. मिनियापोलिसची थंडी कोरडी, तिथं बर्फ झटकला की झालं. तुझा भाऊ त्याच्या गावापुरतं बरोबर सांगतोय.

लोकरीचं तसं होत नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पिते तरी अंगाला ओली लागत नाही. धनगर भर पावसात घोंगडं घेऊन मेंढरांमागे उभा राहतो, तो ह्याच जोरावर. माझे आजोबा भाताच्या लावणीला इरलं घ्यायचे आणि बांधावर बसताना घोंगडं. पाणी अडवायला एक, ऊब धरायला दुसरं. इथं कपडे निवडताना मी अजून तोच हिशेब करते.

तेव्हा आत लोकर, बाहेर पाणी अडवणारं पातळ जॅकेट. ते जॅकेट मात्र इथं येऊन घे. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर ते सरीपुरतं. 'वॉटरप्रूफ' हवं, शिवणींना आतून पट्टी लावलेलं, टोपीला पुढे झाप असलेलं आणि आत स्वेटर मावेल इतकं सैल. काळं घेऊ नकोस. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो आणि गाडीवाल्यांना ओल्या रस्त्यावर काळी आकृती दिसत नाही. लेकीच्या जॅकेटवर चकाकणारी पट्टी असलीच पाहिजे.

जीन्स एकच आण. खालून भिजायला लागते ती गुडघ्यापर्यंत चढते आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. सलवारीचंही तेच. घरात मात्र हीटर असतो, तिथं तुझे सुती कुडते रोज वापरात येतील, ते भरपूर आण.

लेकीला गमबूट आणि पावसाची पँट लागेल. माझ्या मुलाच्या शाळेत रिमझिम असली तरी मधल्या सुट्टीत पोरांना बाहेरच सोडायचे. हे सगळं जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगलं मिळतं, कारण पोरं वर्षात वाढतात आणि वस्तू तशीच राहते.

कड्यावरचा:
वाशिष्ठीताईंशी बहुतेक सहमत. फक्त एक. शहरात बर्फ वर्षातून थोडेच दिवस, पण स्नोक्वाल्मी घाट तासाभरावर आहे आणि तिथं हिवाळाभर बर्फ असतो. मुलीला नेल्याशिवाय राहणार नाही तुम्ही. तरी जाड जॅकेट इथं येऊनच घ्या. शिवाय फेब्रुवारी २०१९ सारखं एखादं वर्ष येतं, चढ-उताराचं शहर बर्फानं ठप्प होतं. तेव्हा घसरू नये असे बूट लागतात, जॅकेट नाही.

आणि छत्री? इथले बरेच लोक वापरत नाहीत. मी वापरतो. नोव्हेंबरात खरा पाऊस असतो. एक घडीची आणाच.

संत्रानगरी:
दोघांचे मनापासून आभार. सीताबर्डीच्या दुकानात आत्ताच नाही म्हणून कळवलं. आईला घोंगड्याचं वाचून दाखवलं, तिला फार बरं वाटलं. पण ती म्हणते, मला विणलेला स्वेटर खऱ्या लोकरीचा आहे, लेकीचा ॲक्रिलिकचा, कारण तिला लोकर टोचते. मग तो चालेल का?

वाशिष्ठी:
चालेल. ॲक्रिलिक पाणी पीत नाही, लवकर वाळतं. वर चांगलं जॅकेट असलं की झालं. आत पूर्ण बाह्यांचा मऊ बनियन घाल, सुती नको. मोजे मात्र तिलाही लोकरीचेच, तळव्याला ती टोचत नाही. आईकडे वेळ असेल तर चार जोड विणून घे, दोन पुढच्या मापाचे.