वडिलांना फ्लॅटवर आणावे, की आम्हीच पेठेत राहायला जावे?

नमस्कार. एका निर्णयावर गेले दोन महिने अडले आहे. ज्यांनी घरात असे दिवस काढले आहेत त्यांचे मत हवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे आईवडील कोल्हापुरात शिवाजी पेठेतील जुन्या घरात राहतात. मी, यजमान, दहावीतील मुलगी आणि पहिलीतील मुलगा असे आम्ही चौघे आर. के. नगरला फ्लॅटमध्ये राहतो. वडील ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. थायरॉइडच्या बिघाडाने किंवा बी-१२ कमी पडल्यानेही विस्मरण होऊ शकते, म्हणून त्या तपासण्या आधी केल्या होत्या. त्यांत काही निघाले नाही. आई ७१ वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. यजमान गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीने कामाला आहेत, मी एका पतसंस्थेत आहे. पहाटे डबे करायचे, स्कूटरवरून पेठेत जाऊन वडिलांची आंघोळ उरकायची, तिथून कामावर, संध्याकाळी पुन्हा पेठ आणि रात्री घर, असा क्रम चालू आहे. भाऊ पुण्याला असतो. पैसे वेळेवर पाठवतो, आणि सूचनाही.

आता मूळ प्रश्न. सर्वांचे म्हणणे असे की आईवडिलांना सरळ फ्लॅटवर आणावे. दिवाळीत आठ दिवस आणले होते. दिवस बरा जायचा, पण दिवेलागण झाली की वडील पिशवी भरून लिफ्टपाशी उभे राहत आणि वॉचमनला विचारत, "शिवाजी पेठेची गाडी इथे कुठे लागते?" पेठेत असे होत नाही. तिथे त्यांना माझे नाव आठवले नाही तरी पाय गल्ली ओळखतात. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसणे, संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यापर्यंत जाऊन येणे हे अजून बिनचूक चालते. वाट चुकलीच तर कोणीतरी "गुरुजी, चला" म्हणून हात धरून घरी आणून सोडते. हे माणसांचे कुंपण मी आर. के. नगरला कुठून आणू?

परंतु मागच्या महिन्यात तेही अपुरे पडले. आईचा डोळा लागलेला असताना वडील रात्री बाहेर पडले आणि दीड तासाने रंकाळा तलावाच्या काठी, टॉवरपाशी बसलेले सापडले. पाणी तिथून किती जवळ आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्याच आठवड्यात एकदा गॅस उघडा राहिला होता. ते रात्री तीन-चार वेळा उठतात, त्यामुळे आईला सलग झोप अशी मिळतच नाही. "लेकीच्या दारात येऊन पडणार नाही" असे ती म्हणते, पण त्यापेक्षा ती दमली आहे हे मला अधिक जाणवते.

एका ब्युरोमार्फत रात्रपाळीची बाई ठेवून पाहिली. त्यांनी पैसे आगाऊ घेतले आणि पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या बायका पाठवल्या. रोज नवा चेहरा पाहून वडिलांना घरात चोर शिरल्यासारखे वाटे. ते आम्ही बंद केले.

उलट आम्हीच पेठेत राहायला जावे, तर मुलीची दहावी आडवी येते. तिची शाळा आणि क्लास इकडेच आहेत. परवा तिने विचारले, "आई, माझ्या पेपरच्या दिवशी तरी तू घरी असशील ना?" मला पटकन उत्तर देता आले नाही. मुलाचे मात्र बरे चालले आहे. आजोबा दर वेळी "तू कुणाचा रे?" असे विचारतात आणि तो दर वेळी नवे नाव सांगतो; दोघेही हसतात. हे थांबवावे की चालू द्यावे, तेही कळत नाही.

कोणते स्थलांतर कमी नुकसानीचे, हे कृपया अनुभवावरून सांगावे.

प्रतिसाद

ताई, माझ्या सासूबाईंना हाच आजार होता आणि आम्ही त्यांना गावाहून इचलकरंजीला आणण्याची घाई केली. ओळखीची जागा सुटताच त्यांचे संध्याकाळचे बिथरणे दुपटीने वाढले. त्यामुळे निदान परीक्षा होईपर्यंत वडिलांना हलवू नये आणि मुलीलाही हलवू नये, असे मला वाटते. आपल्याला घर बदलायचे नसून आईच्या रात्री सोडवायच्या आहेत. ब्युरोपेक्षा गल्लीतलीच, वडिलांनी वर्षानुवर्षे पाहिलेली एखादी बाई मिळते का ते पाहा. तिला पैसे थोडे जास्त द्यावे लागले तरी चालतील. वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम असू द्या. वागणे अचानक, म्हणजे दोन-तीन दिवसांतच बिघडले, तर आजार वाढला असे धरून न बसता लगेच डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जंतुसंसर्गानेही असा गोंधळ उडतो.

आणखी एक, जे आम्हाला उशिरा कळले. पेन्शनचे खाते आईबरोबर संयुक्त नसेल तर वडिलांना व्यवहार समजतो आहे तोवर बँकेत जाऊन ते करून घ्या. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका, कारण देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपते आणि मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. ७० वर्षांवरील व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मिळणारे आयुष्मान कार्ड दोघांचेही काढून ठेवा. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार येतात, परंतु दवाखान्यात दाखल झाल्यावरचेच. घरातल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

मुलाचा खेळ चालू द्यावा. आजोबांना चुकीचे ठरवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. "आईच्या रात्री" हे शब्द वाचून मी प्रश्नच चुकीचा मांडला होता असे वाटले. आईला विचारले तेव्हा तिनेच तोड काढली: शनिवारी रात्री मी पेठेत झोपायचे आणि तिने फ्लॅटवर नातीजवळ. लेकीच्या दारात राहायला नको म्हणणारी आई नातीच्या अभ्यासाला सोबत म्हणून मात्र लगेच तयार झाली. पहिल्याच शनिवारी ती तिथे अशी झोपली की सकाळी नऊपर्यंत उठली नाही, असे मुलीने सांगितले. शेजारच्या गल्लीतील एका मावशींशीही बोलणे झाले आहे. त्या आठवड्यातून तीन रात्री येतील. त्यांचा मुलगा वडिलांच्या हाताखाली शिकलेला आहे, त्यामुळे वडील त्यांना चोर समजणार नाहीत अशी आशा आहे. त्या तीन रात्रींचा खर्च भावाने उचलावा, हे या वेळी मी त्याला स्पष्ट सांगितले आणि त्याने मान्यही केले.

एक शंका उरली आहे. वडिलांच्या हाताला लागू नये म्हणून बाहेरच्या दाराला अगदी वर कडी बसवावी म्हणते, पण रात्री काही झाले तर ती आईच्याही हाताला लागणार नाही. जुन्या लाकडी दाराला यावर कोणी काय उपाय केला आहे?