मदत हवी आहे : ‘फितूर’ नको, मग काय?

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय.

रुडॉल्फ नुरेयेव या सोव्हिएत बॅले नर्तकावर दिवाळी अंकासाठी लिहितेय. जून 1961 मध्ये त्याचा किरोव्ह बॅलेचा चमू पॅरिसहून लंडनला निघाला असताना, ल बूर्जे विमानतळावर त्याला मात्र मॉस्कोला परत जायला सांगितलं; त्याने नकार देऊन फ्रान्सकडे आश्रय मागितला. अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं?

‘फितूर’ म्हटलं की सूर्याजी पिसाळ आठवतो, नाहीतर कोर्टात उलटलेला साक्षीदार. ‘गद्दार’ तर शिवीच. ‘बंडखोर’ लिहावं, तर आपल्याकडे तो तिकीट कापल्यावर अपक्ष अर्ज भरणारा. वर मुदतीच्या शेवटच्या दिवशी ‘बंडोबा थंडोबा झाले’ हा मथळा ठरलेला! ‘पक्षांतर’ करणारा म्हणावं, तर 1967 मध्ये हरियाणात एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलणारे गया लाल डोळ्यांसमोर येतात. ‘आयाराम गयाराम’ त्यांच्यामुळेच रूढ झालं. ‘आश्रयार्थी’मध्ये नाइलाज ऐकू येतो, ठिणगी नाही. ‘देशत्यागी’ जरा बरा वाटतो, पण भाषणातला.

गंमत म्हणजे बाजू सोडणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्द भरपूर, पण जवळपास प्रत्येकात निवाडा आधीच दिलेला. मला निवाडा नको आहे.

बोलीभाषेत, जुन्या बखरींत किंवा कोकणी-वऱ्हाडीत काही आहे का? नवा शब्द घडवलात तरी चालेल, फक्त संस्कृतचा डोंगर नको. अंक छापायला जायला आठवडाच उरलाय.