शाब्दिक उदाहरणं इथल्या हंगामातली हवीत की पुस्तकातली पुरेत?

शिक्षिका, सोलापूर शहर
सातवीला ऋण संख्या शिकवताना मी उजनी धरण घेते. एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६४ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी, वरचा ५३ उपयुक्त. धरणात ५० टीएमसी पाणी उरलं तर उपयुक्त साठा किती टक्के? ५० वजा ६४ म्हणजे उणे १४, भागिले ५३, साधारण उणे २६ टक्के. ‘बाई, पाणी दिसतंय की, मग उणे कसं?’ हे पोरांनीच विचारलं. शून्य आपण कुठं धरतो यावर सगळं अवलंबून आहे, हे त्या तासाला त्यांना पटलं. पुस्तकातल्या बर्फाळ गावाच्या तापमानानं ते कधीच पटलं नव्हतं. जानेवारीत हुरडा आणि गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा), जूनमध्ये पाऊस, अशी वर्षभराची उदाहरणं आपणच तयार करावीत, असं माझं ठाम मत आहे.

शिकवणी घेणारे सर
मॅडम, पटत नाही. शिष्यवृत्तीच्या पेपरात उजनी येत नाही, नळ-हौद आणि रेल्वे येते. आणि पोरं गोष्टीत अडकतात. गड्ड्याचं गणित घातलं की पाळण्याच्याच गप्पा सुरू. मी आधी ओळखीचे शब्द पाठ करून घेतो: ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी. मार्क मिळतात.

शिक्षिका, सोलापूर शहर
सर, मग हे द्या: ‘गड्ड्यावर एकूण २४० रुपये खर्च झाले. त्यातले ९० पाळण्याला गेले, बाकीचे खाण्यावर. खाण्यावर किती?’ शब्द पाठ केलेलं पोरगं ३३० लिहितं. खर्चापेक्षा खाणं जास्त झालं, हे त्याला खटकतही नाही. मला काळजी त्या न खटकण्याची आहे.

पालक, पूर्व भाग
आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझ्या मुलीला आकडेमोड चांगली येते, पण पाच ओळींचं मराठी उदाहरण आलं की ती गणिताआधी भाषेतच थांबते. उदाहरण गावातलं असलं तरी लांबलचक असेल तर तिच्यासाठी ते परकंच. दुसरं, मागे एकदा वर्गात हजार विड्यांच्या मजुरीचं गणित दिलं होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीची आई विड्या वळते. सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. रोजचं जगणं फळ्यावर आणताना कुणाचं जगणं आणतोय, हे बघा.

शिक्षिका, सोलापूर शहर
मजुरीचं म्हणणं मान्य, तसलं उदाहरण मी देणार नाही. पण उदाहरण छोटंही करता येतं. ‘गच्ची ६० चौरस मीटर. पाऊस २५ मिलिमीटर. किती लिटर?’ एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा १५०० लिटर. ५०० लिटरच्या तीन टाक्या. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरातलं पोर हे उत्तर विसरत नाही.

शिकवणी घेणारे सर
पावसाचं चांगलं आहे, घेईन. पण परीक्षेच्या आधीचे दोन महिने माझे नळ-हौदच राहणार. पालक फी त्याचीच देतात.

शेतकरी पालक, मोहोळ तालुका
मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, वर्गात दाखवा की. क्विंटल, भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. माझ्याकडं जुन्या पट्ट्या आहेत, नाव झाकून पाठवतो. फक्त शेवटची रक्कमही झाका. ती पोरांनी काढू दे.