इंग्लंडचे कालवे बुजता बुजता वाचले कसे?

मुलुंडकर: बहीण बर्मिंगहॅमला असते, कालव्याकाठचे फोटो टाकत असते, रंगीत बोटी, त्यात लोक राहतात पण. म्हणते महायुद्धानंतर यातले बरेच बुजवायलाच काढले होते. मग वाचवले कोणी, सरकारने? आपल्याकडे नदीचा नाला होतो न नाल्यावर स्लॅब पडतो, म्हणून विचारतोय.

डॉकयार्ड_रिटायर्ड: सरकार कुठलं! माल आधी रेल्वेने पळवला मग ट्रकने, कालवे कोणालाच नकोसे. १९४६ ला टॉम रोल्ट, रॉबर्ट एकमन या लेखक वगैरे मंडळींनी कालवे वाचवायला इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संघटना काढली. बर्मिंगहॅमजवळचा स्ट्रॅटफर्ड कालवा तेव्हा रेल्वे कंपनीचा, त्यावरचा लिफर्ड लेनचा उघडणारा पूल काढून कंपनीने खाली फिक्स पूल टाकलेला, बोट जाणार कशी? पण कायद्याने बोटीचा जायचा हक्क शाबूत होता ना. रोल्टने रीतसर कळवलं की मी बोट घेऊन येतोय, आणि १९४७ मध्ये रेल्वेने माणसं लावून जॅकवर पूल उचलला 😄

दहिसरवाली: कमाल! पण एका बोटीने काय होतंय

डॉकयार्ड_रिटायर्ड: होतं ना. १९५८ ला कौन्सिल त्याच कालव्याचा दक्षिणेकडचा भाग कायमचा बंद करायला निघाली, पूल नव्याने बांधायचा खर्च वाचवायला. म्हणे तीन वर्षांत इथून बोटच गेली नाही. तर दोघा कनूवाल्यांकडे (कनू म्हणजे वल्ह्याची छोटी होडी) टोलची पावती निघाली! मग नॅशनल ट्रस्टने, म्हणजे तिकडच्या वारसा जपणाऱ्या संस्थेने, तो चालवायला घेतला, हौशी लोक, सैनिक, चक्क तुरुंगातले कैदी असे सगळे गाळात उतरले, आणि १९६४ ला सुरू.

कुर्लेकर: काका ऐकायला छान आहे, पण आपल्या मिठी नदीत कनू कोण घालणार? २००५ च्या २६ जुलैला आमचा तळमजला बुडाला होता, ९४४ मिमी पाऊस. तिकडे बोटवाला हक्क सांगत आला, इथे हक्क सांगायला आहे कोण? आणि काठावरच्या झोपड्यांचं काय, साफसफाई म्हटलं की पहिला बुलडोझर त्यांच्यावर.

दहिसरवाली: वापरणारे होते की, आमच्या दहिसर नदीवर धोबी होते. आणि वर नॅशनल पार्कात पाणी अजून बरं आहे, वाट लागते ती खाली वस्तीत आल्यावर.

डॉकयार्ड_रिटायर्ड: कुर्लेकर, झोपड्यांचं बरोबर बोललात, तिकडे हा प्रश्न एवढा नव्हता. पण पावतीसारखं काहीतरी हातात पाहिजेच. नदीची हद्द कागदावर कुठवर आहे ते माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.

दहिसरवाली: अर्ज मी टाकते. मसुदा कोण लिहून देतंय?